लोडवर बघा, मॅडम

जुनी पेट्रोल गाडी रस्त्यात बंद पडली, सेल्फ फिरतोय पण इंजिन धरत नाही, पेट्रोलचा काटा तर अर्ध्यावर आहे, असं कुणाला सांगितलं की समोरून हमखास उत्तर येतं, "पंप गेला असेल." बऱ्याचदा ते खरंही निघतं. टाकीतला पंप झिजणारी वस्तू आहे, भोवतीच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो, आणि टाकी सतत तळाला गेलेली असेल तर लवकर मरतो. पण "पंप गेलाय" म्हणताना आपण एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकतो, की पंपापर्यंत वीज नीट पोचते आहे. वीस वर्षं ऊन, पाऊस आणि धूळ खाल्लेल्या गाडीत ही गोष्ट तपासल्याशिवाय मान्य करू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. हा लेख त्याबद्दल आहे.

मी सोलापुरात ज्युनियर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवते. बाबांची गाडी २००३ सालची. कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही, कारण त्या काळातल्या बहुतेक एमपीएफआय गाड्यांची (म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) मांडणी एकसारखीच होती. त्याआधीच्या पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडरचा पंप इंजिनालाच बसवलेला असायचा. कॅमशाफ्ट त्याची दांडी हलवायची आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जायचं, विजेचा संबंधच नाही. १ एप्रिल २००० पासून धुराचे 'इंडिया २०००' निकष देशभर लागू झाले आणि पाहता पाहता नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर गेला. इंजेक्टरला साधारण ३ बारचा सततचा दाब लागतो. तो द्यायला विजेवरचा पंप आला आणि तो थेट टाकीत जाऊन बसला. बॅटरी बॉनेटखाली, पंप मागच्या सीटखाली. मधे फ्यूज, रिले (थोड्या धारेने मोठी धारा चालू-बंद करणारा स्विच), लांबलचक वायर, एकदोन कपलर (वायरी जोडायचे प्लॅस्टिकचे जोड), आणि परतीच्या वाटेवर बॉडीचं अर्थिंग. वीज या सगळ्यांतून जाते. आपण बघतो मात्र फक्त दोन टोकांकडे.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे गाडीची वही आहे. पेट्रोल किती टाकलं, किलोमीटर किती झाले, हवा कधी भरली, आणि गाडी कुठे, किती वाजता बंद पडली, सगळं त्यांच्या सरळ अक्षरात. त्या वहीत एक गोष्ट लख्ख दिसत होती. गाडी गावात कधीच बंद पडली नव्हती. नवी पेठ, सात रस्ता, बाजार, दवाखाना, काही तक्रार नाही. बंद पडायची ती लांबच्या रस्त्यावर, दुपारी, बहुतेक मार्च ते जूनमध्ये. तुळजापूरच्या घाटात, अक्कलकोटहून परतताना, एकदा मोहोळच्या पुढे. आधी ओढ कमी व्हायची, मग धक्के, मग बंद. बॉनेट उघडून झाडाखाली अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू व्हायची.

या अर्ध्या तासाने सगळा घोळ केला होता. गाडी वर्कशॉपला पोचायची तेव्हा ती ठणठणीत असायची. स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही. तो येणारही नव्हता, कारण त्या काळातला ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, रिलेला हुकूम देतो आणि तिथेच थांबतो. पंप खरंच किती जोरात फिरतोय हे त्याला कळायला वाटच नाही. कुणी म्हणालं उन्हाने पेट्रोलची वाफ होते. कुणी फिल्टर बदलला. शेवटी एका ठिकाणी पंपच बदलला. जॉब कार्डवर लिहिलेलं होतं, 'पंप सप्लाय ओके, १२.४ व्होल्ट.' पुढच्या उन्हाळ्यात नवा पंप घेऊन गाडी तुळजापूरच्या घाटात तशीच उभी राहिली. बाबांनी वहीत वेळ लिहिली आणि गाडी विकायची भाषा सुरू केली.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. घरची भाषा तेलुगू, गिऱ्हाईकाशी मराठी, विजापूरकडचा ड्रायव्हर आला की कन्नड. उमेदवारी यंत्रमागांच्या मोटारींवर झाली, गाड्या नंतर आल्या. त्यांनी जॉब कार्ड वाचलं, १२.४ या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कपलर काढून बघितलंय का लावून?"

ते कार्डावर लिहिलेलं नव्हतं. पण मीटरच्या पिना घालायच्या तर कपलर काढूनच बघतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"मीटरनं खरंच सांगितलंय की," अण्णा म्हणाले. "पण काम लावून कुणी इचारलंच नाही त्याला. लोडवर बघा, मॅडम."

लोडवर म्हणजे पंप लावलेला आणि धारा ओढत असताना. मी जागीच थांबले, कारण हे वाक्य मी वर्गात वेगळ्या शब्दांत दरवर्षी बोलते. बारावीला पोटेंशियोमीटर शिकवताना आम्ही सांगतो की सेलमधून धारा घेतली नाही तर मिळतो तो आकडा वेगळा, आणि धारा घेतल्यावर टोकांमध्ये उरतो तो वेगळा. मधला फरक आतल्या रोधाने खाल्लेला. मुलं गणितं सोडवतात, गुण मिळवतात. आज तोच धडा मागच्या सीटखाली, पेट्रोलच्या वासात उभा होता.

आकड्यांत बघा. चांगल्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असतो. १२ व्होल्टला तो जेमतेम १.२ मायक्रोअँपिअर धारा ओढतो. वायरच्या सगळ्या तारा कुजून एकच शिल्लक असली, तरी एवढी धारा ती सहज नेते आणि मीटर १२ व्होल्ट दाखवतो. पंपाला मात्र ४ अँपिअरच्या आसपास लागतात. वाटेत कुठे एक ओहमचा रोध असेल तर ४ अँपिअरला ४ व्होल्ट तिथेच गळतात. गेऑर्ग ओहमने हा नियम १८२७ मध्ये पुस्तकात छापला. तोही शाळामास्तर, कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. दोनशे वर्षं होत आली, तरी 'सप्लाय ओके' हे दोन शब्द त्याच्या नियमाला वळसा घालून रोज लिहिले जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. एका साध्या भागाकाराने वाचले असते असे किती पंप, किती पैसे.

मीटरच्या बीपचंही तसंच. दोन टोकांना पिना लावल्या, बीप वाजला, वायर चांगली, असं समजतात. बऱ्याच मीटरांत हा बीप ३० ते ५० ओहमपर्यंत वाजतो. पंपाची वायर अर्ध्या ओहमलाच आजारी झालेली असते.

अण्णांच्या खोक्यात मीटरच्या शेजारी एक टेस्ट लॅम्प असतो, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. तो १.७५ अँपिअर ओढतो. कपलरवर तो लावला की खरी गोष्ट दिसते, बल्ब भगभगीत पेटला तर वायर चांगली, पिवळा पडला तर वाटेत कुणीतरी खातंय. हा बल्ब ईसीएमच्या बारीक वायरींना मात्र कधीच लावायचा नाही. आतला ट्रान्झिस्टर एवढी धारा सोसत नाही, आणि ईसीएमचा खर्च पंपाच्या कितीतरी पट आहे. तिथे मीटरच हवा.

आमच्या गाडीच्या बाबतीत अण्णांनी आधी एक अट घातली होती. गाडी सकाळी आणायची नाही. "चालू गाडीत काय बघू मी? बिघडलेली दावा मला." म्हणून मे महिन्यातली दुपार निवडली. पारा चाळीसच्या वर. गाडी आडोशाला न लावता उघड्यावर लावली, एसी चालू, इंजिन चालू, मागची सीट काढलेली, काचा खाली. टाकीजवळ काम, म्हणून बिडी-काडी लांब, आणि टाकीचं झाकण उघडायचंच नाही. सगळी मापं वरच्या कपलरवर, कपलर लावलेला असतानाच, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून. वायरचं आवरण टोचून माप घ्यायला अण्णांचा सक्त विरोध आहे. ते भोक डोळ्याला दिसत नाही, पण त्यातून पाणी जातं आणि वर्षा-दोन वर्षांनी तांबं तिथेच हिरवं होऊन तुटतं. आजच्या पाच मिनिटांच्या सोयीसाठी गाडीत नवा बिघाड पेरणं, असं मीही त्याला म्हणेन.

रिलेकडे त्यांनी फार वेळ दिला नाही. चावी ऑन केली की ईसीएम पंपाला दोन-तीन सेकंद वीज देतो आणि इंजिन फिरत नसेल तर बंद करतो. ती कुर्रर्र मागच्या सीटपाशी ऐकू येत होती. मग हॉर्नचा तसलाच रिले काढून तिथे बसवला, फरक नाही. "टिक वाजतंय म्हणजे रिले चांगला, असं नसतंय," ते म्हणाले. रिलेच्या पायांना नंबर असतात. टिक ८५-८६ च्या कॉइलची. ३० आणि ८७ च्या मधले पॉइंट जळालेले असले तरी टिक वाजतेच.

मग मापं. बॅटरीवर १३.८. पंपावर १०.४. म्हणजे ३.४ व्होल्ट वाटेत. सगळे इथे थांबतात आणि नवी पॉझिटिव्ह वायर ओढतात. अण्णांनी एक लांब वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मागे आणली, मीटरची एक पिन तिला आणि दुसरी पंपाच्या पॉझिटिव्हला लावली. ०.५. मग पंपाच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. २.९.

वीज जाताना नाही, परतताना अडकत होती.

नंतरचा पाऊण तास मी विसरणार नाही. ती पिन तिथेच ठेवून आम्ही नुसते बघत बसलो. २.९ चे ३.१ झाले, ३.४ झाले. आकडा वर चढत होता आणि पंपाचा आवाज त्याच्याबरोबर खाली येत होता, जरासा घोगरा होत. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वही मांडीवर घेऊन बसलेले, दर पाच मिनिटांनी आकडा लिहून घेत होते. ४.२. इंजिनाचा ठेका चुकायला लागला. ५.२ ला पंपावर जेमतेम ८ व्होल्ट उरले, इंजिन दोनदा हुंदकलं आणि बंद पडलं. जी गोष्ट आतापर्यंत फक्त घाटात, कुणी बघायला नसताना घडायची, ती अण्णांच्या दारात मीटरसमोर घडली. मला अतिशय आनंद झाला, बंद पडलेल्या गाडीशेजारी उभं राहून.

"आता थंड होऊ द्यायची नाही," म्हणत अण्णांनी कार्पेट उचकटला. पंपाची काळी, म्हणजे परतीची, वायर मागच्या दरवाजाच्या बाजूला, पत्र्यात एका बोल्टखाली थिंबलने (वायरच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीने) बसवलेली होती. दरवाजाचं रबर जुनं झालेलं. सप्टेंबरचा पाऊस सोलापुरात जोरात पडतो तेव्हा पाणी तिथून आत उतरत असणार, आणि गाडी धुतो ते आमचं बोअरचं पाणीही क्षाराचं. थिंबलवर पांढरट-हिरवी खपली, बोल्टच्या डोक्याखाली तांबूस पावडर, वायरचं आवरण थिंबलपासून दोन बोटं कडक आणि तपकिरी. मी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. २.९ व्होल्ट आणि ४ अँपिअर म्हणजे ११.६ वॅट उष्णता, त्या एका जोडात. आमच्या प्रयोगशाळेतली सोल्डरिंग गन २५ वॅटची आहे.

आता वहीतलं सगळं उलगडलं. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ४० अंश वाढले तर १६ टक्के. तेवढ्याने गाडी बंद पडत नाही. पण गंजलेला जोड तापला की त्याची पकड आणखी सुटते, रोध वाढतो, म्हणून तो आणखी तापतो. गावातल्या दहा मिनिटांच्या फेरीत हे चक्र पुरं व्हायला वेळच मिळत नाही. घाटात इंजिनाला जास्त पेट्रोल हवं असतं आणि नेमका तेव्हाच पंप मंदावलेला असतो. अर्धा तास थांबलं की जोड निवतो, पकड परत येते.

अण्णा हे सगळं मागाच्या भाषेत सांगतात. त्यांनी काम केलेल्या मागांवर ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटला तरी त्यावरची पट्टी खाली पडायची आणि माग थांबायचा, कारण पुढे विणत राहिलं तर सगळं कापड वाया जाणार. गाडीच्या वायरला अशी पट्टी नाही. तिच्या तारा एकेक करून तुटत राहतात आणि गाडी चालत राहते.

दुरुस्ती साधी होती. बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, पंख्याने पेट्रोलचा वास घालवला. तपकिरी झालेली वायर चांगल्या तांब्यापर्यंत कापली, टाकीपासून दूर, दाराबाहेर ओढून नवा थिंबल दाबला आणि डाग दिला, म्हणजे सोल्डर केलं. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीनचा जाड थर. व्हॅसलीन आधी नाही, आवळल्यानंतर, हे त्यांनी दोनदा सांगितलं. सामानाचा खर्च चहा-नाश्त्याएवढा. मजुरी त्यांनी सांगितली त्यापेक्षा बाबांनी जास्त दिली, कारण पाऊण तास आकडा बघत बसण्याची मजुरी कुणी लावत नाही, आणि खरं काम तर तेच होतं.

पुन्हा माप घेतलं. परतीच्या वाटेवर ०.०६. पंपावर १३.२.

मला आदर वाटतो तो त्या बघत बसण्याचा. गाडी बंद पडली की आपल्याला ती ताबडतोब चालू व्हायला हवी असते, आणि मेकॅनिकलाही. थोडी हलवा, वायर दाबा, अर्धा तास थांबा, झाली चालू, चला. त्या घाईत बिघाड आपल्या हातून निसटतो. बिघडलेली अवस्था हीच एकमेव वेळ असते जेव्हा गाडी आपल्याला काही सांगू शकते. अण्णा ती वेळ मुद्दाम आणतात आणि आली की तिला धरून ठेवतात. मी यंदा बारावीच्या प्रात्यक्षिकात एक जुना गंजलेला थिंबल ठेवणार आहे. आधी मुलांनी बीप ऐकायचा, मग त्यातून ४ अँपिअर सोडायचे.

महिनाअखेरीला आम्ही तुळजापूरला गेलो, दुपारी एकला, मुद्दाम. अण्णांनी मीटरच्या वायरी मागच्या सीटखालून पुढे काढून दिल्या होत्या, आणि बाबा शेजारी बसून पंपावरचा आकडा वाचत होते. घाटात एसी चालू, मागे दोन ट्रक. "तेरा पॉइंट एक. तेरा पॉइंट एक. तेरा." वर मंदिराच्या पार्किंगला पोचेपर्यंत तेराच्या खाली आकडा आला नाही.

पॉझिटिव्हकडचा तो अर्धा व्होल्ट मात्र अजून शिल्लक आहे. त्याचा उगमही सापडला. बाबांनी गाडी घेतल्यावर डॅशबोर्डखाली चोर स्विच, म्हणजे पंपाची वीज तोडणारा लपवलेला स्विच, बसवून घेतला होता, पंपाची वायर कापून, दोन्ही टोकं पिळून, वर काळी टेप. त्या काळात गाड्या चोरीला जाण्याची भीती होती आणि जवळपास प्रत्येकाने हा स्विच बसवला होता. गॅस किट बसवताना पंपाची वायर अशीच मधे तोडतात, तिथेही आधी बघावं. अण्णा म्हणतात, "मालक, काढून टाका ते, सरळ करतो वायर." बाबांना ते मान्य नाही. गाडी विकायची भाषा आता बंद आहे, म्हणजे चोराची काळजी पुन्हा चालू. तूर्त तोडगा असा निघालाय की स्विच राहील, पण पिळलेल्या जोडांना डाग देऊन स्लीव्ह चढवायची आणि स्विच १५ अँपिअरचा नवा घालायचा. बाबांनी तो अशोक चौकातून आणून ठेवलाय. पुढच्या रविवारी अण्णा वेळ देणार आहेत.